लोण्याचं बोट

अंड्याचा बलक असेल असं समजून मिरेयने रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलं आणि फ्लावीची हनुवटी वर उचलून तिच्या डाव्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा हलकेच पुसला. बस कॅथीड्रलचा चढ चढत होती. काचा आतून घामेजल्या होत्या, लोकरी कोटांना ओल्या कुत्र्यासारखा वास सुटला होता आणि नोव्हेंबरचा करडा, आळसावलेला उजेड शिकूतिमी गावाच्या छपरांवर नुसता टेकून राहिला होता. बलक गेला नाही. तिने पुन्हा पुसलं, जरा दाबून. मग हातमोजा काढून नखाने. तेव्हा तिला कळलं की हे चिकटलेलं नाही. कातडीवर नाही, कातडीत आहे. तांदळाच्या कणीएवढं, पिवळट, कडेने किंचित उचललेलं. उजव्या डोळ्याशी, अगदी त्याच जागी, दुसरं. हा चेहरा ती रोज धुते. या चेहऱ्यावरचा प्रत्येक ओरखडा कुठल्या दिवशी, कशाने झाला ते ती झोपेत सांगू शकली असती. मग हे तिची नजर चुकवून कधी येऊन बसलं?

“दुखतं का गं?”

“काय?”

“हे. इथे दाबलं की.”

“नाही.” फ्लावी काचेवरच्या वाफेत बोटाने मांजर काढत होती. पाचव्या वर्षीची तिची मांजरं सगळी एकाच बाजूने बघायची.

शेजारच्या सीटवर मांडीवर पावाची पिशवी धरून बसलेली जाडजूड बाई मघापासून बघत होती. “राहू द्या हो,” ती म्हणाली. “आमची आई अशीच थुंकी लावून पुसायची. अकरा भावंडं आणि एक रुमाल. सगळे जगलो.” मग ती पुढे झुकली, फ्लावीकडे डोळे बारीक करून पाहिलं. “दुखत नाही ना? मग काही नाही. दुखत नाही ते पाहुणं असतं. येतं तसं जातं.”

मिरेय हसली. हसताना तिचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या पापणीकडे गेला आणि तिथे पोहोचायच्या आधीच परत आला. रोज सकाळी आरशासमोर तिथे ती त्वचेच्या रंगाचा लेप लावायची, बोटाच्या टोकाने थापून थापून. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासूनची सवय. दात घासावेत तशी. आपण कशावर लावतो याचा विचार करणं तिने कधीच सोडून दिलं होतं.

बालवाडीच्या दाराशी फ्लावीची टोपी सारखी करून तिने तिला आत सोडलं आणि घराकडे न वळता ती उतारावरून नदीकडे चालू लागली. नदी अजून गोठली नव्हती. काठाकाठाने पातळ साय धरू लागली होती. वाऱ्याबरोबर कागदाच्या गिरणीचा उकडलेल्या कोबीसारखा वास येत होता. या वासात ती वाढली होती, त्यामुळे एरवी तिला तो येतच नसे, आज आला. कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकली होती आणि पहिल्याच शरद ऋतूत वहीत दाबायला तिने मेपलची पानं गोळा केली होती. त्यांतल्या काहींवर टाचणीच्या डोक्याएवढ्या लाल गाठी होत्या, कुणीतरी मोजून शिवल्यासारख्या. सुंदर म्हणून तिने तीच निवडली. सर म्हणाले होते, या गाठींत एक किडा राहतो, पानाला काही कळत नाही, झाडाला काही होत नाही. पानाला कळत नाही, हे सरांना कसं कळलं, असं तिला तेव्हा विचारायचं होतं. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि ते राहून गेलं. आता नदीच्या कठड्याला टेकून उभी असताना तिला ती पानं आठवत होती, आणि पानांच्या आडून, नको नको म्हणत असताना, वडिलांचा चेहरा.

वडिलांच्या, फिलेमोंच्या, दोन्ही पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, दोन दोन पिवळे दाणे होते. गिरणीतून आले की ते स्वयंपाकघरातल्या डुलत्या खुर्चीत बसायचे, आणि लहानगी मिरेय मांडीवर चढून ते दाणे दाबायची. उजवीकडचा वरचा दाबला की वडील रेडिओवरच्या माणसाच्या आवाजात हवामान सांगायचे: “उत्तरेकडून वारा, आईकडून वादळ.” डावीकडचा दाबला की हॉकीची मॅच. दोन्ही एकदम दाबले की रेडिओ बिघडायचा आणि घशातून खरखर यायची. ती खिदळून खिदळून खाली घसरायची. “दुखतं का हो बाबा?” तिने एकदा विचारलं होतं. “रेडिओला कुठे दुखतं?” ते म्हणाले होते. त्याच हिवाळ्यात एका सकाळी, पाकात बुडवलेला पाव हातात धरून ती खिडकीशी उभी असताना, अंगणात फावड्याने बर्फ ओढणारे वडील थांबले, फावडं नीट फाटकाला टेकवून ठेवलं, आणि बुटाची नाडी बांधायला बसावं तसे खाली बसले. ते फावडं नीट टेकवणं तिच्या डोक्यातून कधीच गेलं नाही. आई काचेवर चमच्याने टकटक करत होती: “उठा, ओले व्हाल.” नाडी बांधून होईना. मग आई अनवाणीच बाहेर धावली. पुढचे दोन दिवस घरात माणसं येत राहिली, आणि प्रत्येकजण दारात बूट झटकत एकच वाक्य म्हणत होता: बर्फाने नेलं. कुणी हृदय म्हटलं नाही, कुणी रोग म्हटलं नाही. जसं कुणाला नदी नेते, कुणाला झाड तोडताना झाड नेतं, तसं फिलेमोंला बर्फाने नेलं. त्या खोऱ्यात ते नवल नव्हतंच.

रविवारी ती सगळी सासूबाईंकडे जेवायला गेली. ओर्तांसच्या स्वयंपाकघरात सकाळपासून ओव्हन पेटलेला असे आणि खिडक्या वाफेने आंधळ्या झालेल्या असत. टेबलाच्या मधोमध क्रेतोंचं मडकं होतं, चरबीत मंद शिजवलेला डुकराचा खिमा, वर पांढरा थर धरलेला. शेजारी लोण्याचा गोळा, त्यात उभी खुपसलेली सुरी. भिंतीवर पोपची तसबीर, तिच्याखाली सासरे लेओंस यांचा फोटो. मिरेयचा नवरा रेमी नेहमी म्हणायचा, “आमच्या घराण्यात म्हातारा पुरुष एकच, तो वर टांगलेला पोप. बाकीचे आम्हाला बाहेरून मागवावे लागतात.” लोक हसायचे. तोही हसायचा, आणि हसताना टेबलाच्या लाकडाला बोट लावून घ्यायचा.

ओर्तांसने फ्लावीला उचलून टेबलावर बसवलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. मिरेय टेबलाजवळ सरकली. सासूबाई बघतील, घाबरतील, आणि मग हे खरं होईल, असं तिला वाटत होतं. ओर्तांसचा चेहरा मात्र उजळला. “अरे बघ बघ,” ती म्हणाली, “लोण्याचं बोट लागलंय की हिला. रेमी, इकडे ये. थेट तुझ्या बापाचं.” आणि ती एकेका दाण्यावर ओठ टेकवत गेली. “देव पोराला खाली धाडताना त्याचे डोळे पुसतो ना, तेव्हा त्याचं बोट लोण्याने भरलेलं असलं की असं उमटतं. अशा पोराला आयुष्यात कधी सुका पाव खावा लागत नाही.”

“पण इतक्या लहानपणी?” मिरेय म्हणाली. “तिच्या आजोबांना कधी आलं होतं?”

“लग्नाआधीपासून होतं. तेच बघून तर मी हो म्हटलं. म्हटलं, या माणसाच्या घरी खायला असणार.” ओर्तांसने पावाच्या कापावर क्रेतोंचा जाड थर लावला आणि नातीच्या हातात दिला. “दुखतं का तुला, चिमणे?”

“नाही,” फ्लावी म्हणाली. “आई रोज विचारते.”

“आईला सांग, आईपण शिकायला कॉलेजात जावं लागत नाही.”

रेमी गालात हसला. त्याने फ्लावीच्या डोळ्यांकडे एकवार पाहिलं आणि वरच्या फोटोकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते अभिमानासारखं होतं. मिरेयला ते सहन होईना. ती उठून खिडकीशी गेली, वाफेत हात फिरवून एक गोल केला. बाहेर बर्फ भुरभुरू लागला होता. शेजारची बाई कुंपणापलीकडून ओर्तांसला हात करत होती. हिवाळाभर तिचा एक ठरलेला टोमणा असे: या घरात बायकांच्या हाती फावडं आणि बाप्ये खिडकीत, मांजरासारखे. खरंच होतं ते. लेओंस गेल्यापासून या घरात पुरुषाने फावड्याला हात लावायचा नाही असा दंडकच होता. ओर्तांस बर्फ काढायची, तिच्या मुली काढायच्या, आता मिरेय काढायची. रेमी धातूच्या भट्टीवर आठ आठ तास लोखंडी सळया उचलायचा, पण घरी बर्फ पडला की कॉफीचा पेला धरून काचेआड उभा राहायचा, कानापर्यंत लाल होऊन. भट्टीला त्याच्या आईची हरकत नव्हती. भट्टीने त्यांच्यातलं कुणी नेलेलं नव्हतं.

आणि तो असा काचेआड उभा असतानाच तर तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं होतं. कॉलेजच्या सभागृहात नाच चालू होता, दुपार कलंडली होती, आणि कुणाची तरी गाडी बाहेर बर्फात रुतली होती. सगळी पोरं आरडाओरड करत ढकलायला धावली. हा एकटा आत, खिडकीशी. पोरं परत आली ती त्याला टोचतच: मांड्या भिजतील होय रे, तुझ्या लोकरी चड्डीला थंडी वाजली का. ती पाणी प्यायला त्याच्या बाजूने गेली तेव्हा तिच्याकडे न बघताच म्हणाला, “माझे वडील बर्फाने गेले.” आणि ती म्हणाली, “माझेही.” एवढंच. त्यानंतर त्यांनी एकमेकांना काही समजावून सांगितलं नाही, सांगावं लागलं नाही. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला होता आणि त्याची नाडी तिच्या बोटाखाली उडत होती, आणि तिला वाटलं होतं, एवढ्या जगात हा एकच असा आहे ज्याला मी सुरुवातीपासून सांगायला नको. लग्नात ओर्तांस तिच्या आईच्या गळ्यात पडून रडली होती. दोन विधवा, दोघींच्या हातांना फावड्याचे सारखेच घट्टे. पाहुणे म्हणाले, देवाने जोडी कशी शोधून काढली बघा.

गावच्या वाचनालयात वैद्यकाचा कोश होता, जाडजूड, पानांना आजारी माणसांच्या बोटांचा वास येणारा. मिरेय तीन सकाळी तिथे जाऊन बसली. डोळ्याभोवतीच्या न दुखणाऱ्या गाठी: त्या एका मथळ्याखाली इतकं काही राहत असेल याची तिला कल्पना नव्हती. कातडीखाली अडकून पडलेले मेलेल्या त्वचेचे पांढरे मणी, तान्ह्यांना असतात, आपोआप जातात. पापणीतली तेलाची ग्रंथी तुंबून आलेली गाठ, गरम फडक्याने शेकावी. भुवईच्या हाडाशी जन्मतःच असलेली पिशवी, मऊ, निरुपद्रवी. घामाच्या ग्रंथींच्या पुळ्या. बालवाडीत एका पोराकडून दुसऱ्याकडे जाणारे, मध्ये खळगा असलेले मोत्यासारखे फोड. तिने यांतलं एकेक उचललं, आपल्या मुलीच्या डोळ्याशी नेऊन ठेवलं. बसतं का? जपमाळेचा मणी ओढावा तशी ती ओढत गेली. मोत्यासारखे फोड असू देत. बालवाडीतल्या त्या सतत शेंबडं नाक असलेल्या पोराकडून आलेले असू देत. तेलाची ग्रंथी असू दे. तिची आईही गरम बटाटा फडक्यात बांधून शेकायची. आणि मग शेवटी, पानाच्या तळाशी, ते पिवळे. रक्तातली चरबी पापणीत साचून होणारे. सहसा चाळिशीनंतर. इथे तिने सुटकेचा श्वास टाकला, इतका मोठा की समोरच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. पुढचं वाक्य होतं: लहान मुलांत क्वचित. ती त्या शब्दाकडे बघत राहिली. क्वचित म्हणजे नाही नव्हे. क्वचित म्हणजे रस्त्याच्या टोकाला एखादंच घर, पण त्यात दिवा लागलेला, कुणीतरी राहत असलेलं. त्या दिवसापासून ती एकच मागणं मागू लागली, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. दुखू दे. दुखणाऱ्या गाठीला पू असतो, नाव असतं, मलम असतं. फ्लावीला आंघोळ घालताना, केस विंचरताना, बूट चढवताना ती बोट टेकवायची: “दुखतं?” “नाही.” “थोडंसंही?” “नाही गं आई.” एकदा जरा जोरातच दाबलं गेलं. फ्लावीने डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी पोर स्वतःच आपल्या डोळ्याशी बोट नेऊन दाबून बघत होती, नीट लक्ष देऊन, बंद रेडिओ लागतो का बघावं तशी.

डॉक्टर बेले तरुण नव्हते आणि म्हातारेही नव्हते. त्यांनी फ्लावीला खुर्चीत बसवलं, तिला एक लाकडी चपटी काडी खेळायला दिली, आणि डोळ्यांकडे जेमतेम क्षणभर पाहिलं. मिरेयला राग आला. तीन आठवडे ती जे बघत होती ते या माणसाने एका क्षणात बघून संपवलं. मग त्यांनी काडी धरलेला फ्लावीचा हात हातात घेतला आणि अंगठा व पहिलं बोट हळूच फाकवलं. त्या बेचक्यात कातडी पिवळट, जाडसर होती. मिरेयला ती ठाऊक होती. खडू घट्ट धरते म्हणून घट्टा पडलाय, असं तिनेच ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी दुसरा हात पाहिला. मग पोटऱ्या, टाचेच्या वरची शीर. मग ते खुर्चीत मागे टेकले, आणि त्यांनी विचारलं ते भलतंच.

“तुमचं माहेरचं आडनाव?”

तिने सांगितलं.

“आईचं? आईच्या आईचं?” ते विचारत गेले, ती सांगत गेली. “मूळचे कुठले म्हणायचे?”

“सगळे असतात तिथलेच. शार्लव्वाच्या डोंगरातले. खापरपणजोबा जंगल तोडायला इकडे आले.”

“आणि यजमानांकडचे?”

“तेही. तिथूनच. एक नाला सोडून पलीकडचे.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “मादाम, वडील आहेत तुमचे?”

“नाहीत. मी लहान असताना बर्फाने…” ती बोलता बोलता थांबली. समोरच्या माणसाने मान वर केली नव्हती, पण त्याच्या खांद्यांवरून तिला कळलं की हे वाक्य त्याने याच खुर्चीतून पुष्कळदा ऐकलं आहे.

“आणि सासरे?”

फ्लावीच्या हातातली काडी कट्कन मोडली. बाहेर रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी घरघरत गेली आणि तिचा पिवळा दिवा छतावरून फिरून गेला. डॉक्टर बोलू लागले, सावकाश, टेबलावरच्या काचेच्या वजनाकडे बघत. रक्तातली चरबी धुऊन काढायचं काम शरीरात एक ठरलेलं यंत्र करतं. काही घराण्यांत ते यंत्र अर्धंच चालतं. मूठभर माणसं डोंगर ओलांडून आली, त्यांच्याबरोबर तेही आलं, आणि मग सगळे एकमेकांतच लग्नं करत राहिले. आईबापांपैकी एकाकडूनच बिघडलेलं आलं तर माणूस चाळिशीपर्यंत जगतो, कधी पुढेही. “दोन्हीकडून आलं तर मुळी चालतच नाही. मग लहानपणीच दिसायला लागतं.” रक्त घ्यावं लागेल, तिघांचं. नमुने क्वेबेकला जातील, सण आहेत, उत्तर नव्या वर्षात येईल. मॉन्ट्रियलला रक्त बाहेर काढून, धुऊन परत घालण्याचा काही प्रयोग करतात. लोणी बंद, अंडी बंद, चरबी बंद. “आणि आशा सोडू नका,” ते म्हणाले, दाराची मूठ धरून, आणि मिरेयला वाटलं, हे वाक्य ते दारापाशीच ठेवत असावेत, छत्रीसारखं.

“पण तिला दुखत नाही,” ती म्हणाली.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “दुखत नाही.”

रक्त देताना फ्लावी रडली नाही. मिरेयने बाही वर केली तेव्हा नर्सने तिच्या पापणीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. लेप ओघळला होता. घरी येऊन तिने आरशासमोर तोंड धुतलं, साबणाने, दोनदा, आणि पुष्कळ वर्षांनी आपला दाणा नीट पाहिला. छोटासा होता. निरुपद्रवी दिसत होता. बर्फाने नेलेल्या दोन माणसांची मुलं एका खिडकीशी भेटली होती आणि त्यांना वाटलं होतं, दुःखाने दुःखाला ओळखलं. दुःखाने नव्हे. आत, त्या मनगटाच्या नाडीत, एका रक्ताने दुसऱ्या रक्ताला ओळखलं होतं, गाववाला गाववाल्याला परक्या शहरात ओळखतो तसं. आणि त्या ओळखीचं पोर आता पलीकडच्या खोलीत बाहुलीला जेवू घालत होतं.

रेमीला तिने सगळं सांगितलं, ओट्याशी उभ्या उभ्या, भांडी पुसता पुसता, कारण त्याच्याकडे बघत सांगता आलं नसतं. तो ऐकत राहिला. त्याच्या हाताच्या पाठीवर, बोटांच्या सांध्यांवर टणक गाठी होत्या. भट्टीच्या सळयांनी झाल्यात असं तो म्हणायचा, आणि ती मानायची. आता तोही त्या गाठींकडेच बघत होता. मग तो म्हणाला, “म्हणजे बर्फाने नाही.”

“नाही.”

“बाबा बर्फाने नाही गेले.”

“नाही रे. बर्फ नुसता हजर होता.”

“मग मी इतकी वर्षं…” तो म्हणाला, आणि एक विचित्र आवाज काढला. ती वळून बघते तर तो हसत होता. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होता. मुलीबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. ते त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं, किंवा पोहोचलं होतं आणि त्याने दार लावून घेतलं होतं. तिला त्या क्षणी त्याचा इतका संताप आला की हातातली बशी तिने अगदी जपून, दोन्ही हातांनी, जागेवर ठेवली.

नव्या वर्षाच्या सकाळी सगळे ओर्तांसच्या घरी जमले. रात्रभर बर्फ पडून थांबला होता. अंगण, कुंपण, पायऱ्या, सगळं एकसारखं गुबगुबीत झालं होतं. रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाने घरच्या कर्त्याकडे आशीर्वाद मागायचा. बाप नाही तिथे थोरला भाऊच बाप, म्हणून रेमीच्या बहिणी रेमीपुढे गुडघे टेकत. यंदा ओर्तांसने ठरवलं होतं की फ्लावी मागेल. तिने नातीला लाल मखमलीचा झगा घातला होता, चार दिवस पाठ करून घेतलं होतं. फ्लावी गुडघ्यावर बसली, हात जोडले, आणि एका दमात म्हणाली, “बाबा आम्हाला आशीर्वाद द्या.” सगळ्या बायकांनी माना झुकवल्या. रेमीने हात तिच्या डोक्यावर ठेवला. त्याचा पंजा मोठा, तिचं डोकं लहान. अंगठा सरळ तिच्या डोळ्याशी, त्या दाण्याशी येऊन टेकला. तो म्हणू लागला: “देव तुला सांभाळो. नवं वर्ष तुला सुखाचं जावो. आणि दिवस भरले…” पुढचे शब्द त्या खोऱ्यात मूल बोलायला लागल्यापासून ऐकतं: आणि दिवस भरले की स्वर्ग मिळो. रेमी थांबला. “दिवस भरले…” तो पुन्हा म्हणाला. ओर्तांसने डोळे उघडले. “की स्वर्ग मिळो,” तिने हळूच आठवण दिली, पोराला धड्यातला शब्द सुचवावा तशी. “की स्वर्ग मिळो,” फ्लावीही म्हणाली, बाबांच्या मदतीला. रेमीने हात काढून घेतला. त्याने खुंटीवरचा कोट ओढला, दाराआडचं फावडं उचललं, आणि तो बाहेर गेला.

“रेमी,” ओर्तांस म्हणाली. मग मोठ्याने, “रेमी, ठेव ते. अरे, तुझा बाप तिथेच…” ती दाराकडे धावली आणि उंबऱ्याशी आपला पाय अडला आहे असं तिला वाटलं, अडलेलं काही नव्हतं. मुलींनी तिला धरून खुर्चीत बसवलं. “तू काय सांगितलंस त्याला?” ती मिरेयला म्हणाली, हळू, जवळजवळ विनवून. “काय सांगितलंस? काल पावाच्या पिठात लोणी घालू दिलं नाहीस, मी गप्प बसले. माझ्याच घरात मला माझं लोणी पारखं केलंस. आता त्याला बर्फात धाडलंस?”

मिरेयकडे उत्तर होतं, पण ते या स्वयंपाकघरात मावणारं नव्हतं. तिने फ्लावीला कडेवर घेतलं आणि खिडकीशी गेली, वाफेत हाताने एक गोल केला, दोघींचे चेहरे मावतील एवढा. बाहेर रेमी बर्फ काढत होता. त्याला ते येत नव्हतं. फावडं फार भरून घ्यायचा, फार उंच उडवायचा, अर्धा बर्फ वाऱ्याने त्याच्याच तोंडावर यायचा. कोट उघडा, टोपी नाही, तोंडातून वाफेचे लोट. पण त्याच्या पाठीत काहीतरी सुटं झालं होतं, बांधून ठेवलेला बैल मोकळा झाल्यासारखं. आयुष्यभर कानापर्यंत लाल होऊन काचेआड उभा राहिलेला माणूस, आता काचेपलीकडे. त्याच्या नसांत तेच रक्त होतं. मिरेय एकेक फावडं मोजत होती. त्याला हाक मारावी तर कशाच्या नावाने? बर्फ निर्दोष आहे हे तिनेच त्याला सांगितलं होतं. तो मध्येच थांबला. त्याने फावडं नीट फाटकाला टेकवलं, अगदी नीट, आणि तिने फ्लावीला घट्ट धरलं. मग त्याने नुसतं नाक शिंकरलं, खिडकीकडे बघून हात हलवला, फावडं पुन्हा उचललं.

“बाबा हसतायत,” फ्लावी म्हणाली.

“हो.”

मागे ओर्तांस रडत होती, चहाचं पातेलं उतू जात होतं, कुणीतरी ते उतरवलं. मिरेयने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बर्फाच्या उजेडात ते दोन दाणे इतके स्पष्ट होते, जणू कुणी आताच, या क्षणी, बोट लावून गेलं असावं. काही विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. क्वेबेकचं उत्तर आता आठवड्यावर आलं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. दोन बोटांच्या बेचक्यातच तिने ते वाचलं होतं. तरीही तिचं बोट गेलं. सवयीने गेलं, भिकाऱ्याचा हात जातो तसं. तिने हलकेच दाबलं. विचारलं मात्र नाही. ओठ नुसते हलले असतील.

फ्लावीने आईकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन, आई तिच्याकडे बघते तसंच: कपाळ, भुवया, आणि मग उजव्या पापणीवरचा, आज लेप न लावलेला, छोटा पिवळा दाणा. ती त्यावर आपलं बोट टेकवून राहिली.

“हो,” ती म्हणाली. “आज दुखतंय, आई. खूप दुखतंय.”

आणि आई खूश झाली का ते बघत राहिली.